पाण्यात पुतळे कायले ठेवतात बाप्पा?

मागच्या अंकात शेवटच्या पानावर एक फोटो छापला होता, समुद्राच्या तळाशी एक होडी, होडीत सिमेंटची माणसं बसलेली, खाली एका ओळीचं कॅप्शन, बस. मला वाटलं धानाच्या भावाचं पान वाचून झालं की पुढं कोण पलटवते. तर पोस्टानं नऊ पत्रं आली आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज मी मोजलेच नाहीत. भंडाऱ्याहून कोणत्याही दिशेनं निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही, आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तो टीव्हीवरच पाहिलेला, तरी एवढे प्रश्न. बरेच सारखे होते म्हणून एकत्र करून उत्तरं देऊन राहिलो. नाव छापू नका असं तिघांनी लिहिलं होतं, मग कोणाचंच छापलं नाही.

सर, फोटोतली माणसं खरी होती का? म्हणजे खरंच बुडाली आणि दगड झाली का? माझा लहान भाऊ विचारून राहिला, मी त्याला सांगितलं पुतळे आहेत म्हणून, पण त्याला पटत नाही.
(बारावीची विद्यार्थिनी, कुही तालुका)

नाही गं पोरी, त्या होडीतलं कोणी बुडालं नाही. होडी सिमेंटची, माणसं पण सिमेंटची. जागेचं नाव लांझारोते, कॅनरी बेटांपैकी एक, बेट स्पेनचं पण नकाशात पाहशील तर स्पेन कुठल्या कुठं आणि आफ्रिकेचा किनारा सव्वाशे-एक किलोमीटरवर, नागपूरहून देवरीला जावं एवढाच. तिथं २०१६ साली जेसन डीकेअर्स टेलर नावाच्या ब्रिटिश शिल्पकारानं बारा ते पंधरा मीटर खोल पाण्यात अख्खं म्युझियम मांडायला घेतलं, त्यातलीच ही होडी. नाव ठेवलं 'लांपेदुसाचा तराफा'.

आता लांपेदुसा काय, तर इटलीचं एक चिमुकलं बेट, आफ्रिकेतनं युरोपात जाणाऱ्या बोटींचा पहिला थांबा. ३ ऑक्टोबर २०१३ ला पहाटे त्या बेटाजवळ येऊन, म्हणजे किनारा दिसत असताना, पाचशेच्या वर माणसं भरलेली एक बोट बंद पडली, कोणाचं तरी लक्ष जावं म्हणून एकानं चादर पेटवली, आग भडकली, लोक एका बाजूला पळाले आणि बोट उलटली. साडेतीनशेहून जास्त मेले. बहुतेक इरिट्रियाचे. तराफा हा शब्द मात्र जुन्या गोष्टीतला आहे. १८१६ साली मेदूसा नावाचं फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत फसलं, साहेब लोक होड्यांत बसले आणि दीडशेच्या आसपास माणसं लाकडं बांधून केलेल्या तराफ्यावर सोडून दिली, तेरा दिवसांनी पंधरा जण जिवंत सापडले. जेरिको नावाच्या चित्रकारानं त्याच्यावर सोळा फूट उंच आणि तेवीस फूट रुंद चित्र काढलं, ते पॅरिसच्या लूव्ह्र म्युझियममध्ये आहे. टेलरची होडी त्या चित्राला दोनशे वर्षांनी दिलेलं उत्तर समज.

आणि तुझ्या भावाला का पटलं नाही ते मला कळलं. चेहरे खरे आहेत म्हणून. टेलर मातीतनं चेहरा घडवत नाही, जिवंत माणसाच्या अंगावर साचा घेतो. तिथलेच साधे लोक त्याच्याकडे मॉडेल म्हणून बसले, होडीतला एक चेहरा तर स्वतः तसाच समुद्र ओलांडून आलेल्या माणसाचा आहे. फोटो परत पाहा, बहुतेकांचे डोळे मिटलेले दिसतील. मला आधी वाटलं किती दुःख दाखवलंय याने, मग डोक्यात आलं, अरे साचा घेताना डोळे मिटावेच लागतात ना! भावाला हे सांग, पटते का बघ.

आम्ही पीओपीचा गणपती तलावात सोडला की प्रदूषण, पंचायतीची नोटीस येते. आणि हे गोरे लोक शेकडो पुतळे समुद्रात टाकते तर कला. हा कुठला न्याय सर?
(मंडळाचा कार्यकर्ता, लाखनी तालुका)

भाऊ, प्रश्न झकास आहे पण मंडळाच्या बैठकीत माझं नाव सांगू नका.

फरक मालाचा आहे. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम, तो पाण्यात शाडूसारखा विरघळत नाही, तळाला बसून राहते, आणि वरचे चकाचक रंग, त्यात शिसं, क्रोमियम असे जड धातू असू शकतात. त्यातनं आपला मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणजे साचलेलं पाणी, मे महिन्यात घोटाभर उरते, त्याच पाण्यावर ढोरं येतात. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण मंडळानं २०२० मध्ये पीओपी नको असं नियमातच लिहिलं.

तिकडं साधं सिमेंट पण चालत नाही. ओल्या चुन्यात हात घातला की बोटं कशी सोलतात, तसंच ताजं सिमेंट पाण्याला झोंबते, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, सात म्हणजे मधोमध) बारा-तेराच्या घरात जातो आणि समुद्राचा असतो आठच्या थोडा वर. अशा सिमेंटवर शेवाळसुद्धा धड धरत नाही. म्हणून टेलर पीएच न्यूट्रल असलेलं समुद्री सिमेंट वापरतो, आत लोखंडी सळई नाही तर फायबरग्लासची, कारण सळई गंजली की फुगते आणि पुतळा तडकतो, आपल्या जुन्या स्लॅबचे पोपडे कसे पडतात तसा. अंग मुद्दाम खरखरीत ठेवतो. पोवळ्याची, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाची पिल्लं, दिसायला टाचणीच्या डोक्याएवढी, पाण्यात तरंगत येतात आणि खरखरीत जागा पाहून चिकटतात, गुळगुळीत टाइल्सवर त्यांचा पाय ठरत नाही.

आणि एक उलटी गोष्ट पाहा. आपण मूर्ती पाण्यात सोडतो ती विरघळून जावी म्हणून, जिथनं आलं तिथं गेलं. माझी आजी भुलाबाई मातीचीच आणायची, दुसऱ्या दिवशी काठावर नुसता चिखल. त्यांची मूर्ती पाण्यात जाते ती तिथं नांदावी म्हणून. तुमची मूर्ती विरघळली तर बाप्पा गेले, त्याची विरघळली तर टेलरचं नुकसान.

आम्ही ढीवर लोक तलावात बाभळीच्या काट्या टाकून ठेवतो, मासे तिथं लपते आणि रात्री चोरून जाळं टाकणाऱ्याचं जाळं फाटते. त्या पुतळ्यानं मासे वाढते का, का नुसता देखावा?
(मत्स्य सहकारी संस्थेचे सभासद, साकोली तालुका)

दादा, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीवरनं उठलो. कारण अगदी हेच काम इटलीत एका मासेमाऱ्यानं केलंय, फक्त बाभळीच्या ऐवजी संगमरवर वापरला. तालामोने नावाचं गाव आहे टस्कनीच्या किनाऱ्यावर, तिथले पाओलो फान्चुल्ली. त्यांच्या भागात मोठ्या ट्रॉलर रात्री बंदी असलेल्या पाण्यात येऊन तळावरनं वजनदार जाळं फरफटत न्यायच्या, मासे तर जायचेच पण तळाचं समुद्री गवत पण खरवडून निघायचं, आणि त्या गवतातच मासे अंडी घालतात. तक्रारी करून करून थकले. मग कराराच्या खाणीतला संगमरवर मागितला, ज्या डोंगरातनं मायकेलअँजेलो दगड न्यायचा तोच, शिल्पकारांना बोलावलं, त्यांनी मोठमोठे चेहरे आणि आकार कोरले आणि ते सगळं समुद्रात सोडून दिलं. जाळं आलं की दगडात अडकते, फाटते. ट्रॉलरवाल्याला जाळं फाटणं म्हणजे लाखांचा फटका. तुमची काटी आणि त्यांचा संगमरवर, डोकं एकच.

मासे वाढतात का? इथं मी गुळमुळीत नाही बोलणार. पाण्यात आडोसा केला की मासे गोळा होतात हे नक्की, तुम्हाला काय सांगायचं. पण गोळा होणं वेगळं आणि वाढणं वेगळं, शास्त्रज्ञ लोक यावर कितीतरी वर्षं भांडून राहिले. आजूबाजूचे मासे एका जागी आले आणि तिथंच कोणी जाळं टाकलं तर सोप्यात साफ होतील. म्हणून पुतळे ठेवले तिथं मासेमारी बंद हवी, तरच फायदा. मेक्सिकोत कान्कूनजवळ टेलरचेच पाचशेच्या आसपास पुतळे आहेत, तिथं हेतू वेगळाच, पर्यटक इतके व्हायचे की खऱ्या पोवळ्यांवर लाथा बसायच्या, म्हणून त्यांना पाहायला दुसरं काहीतरी दिलं, लेकराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं.

आणि पाण्यात काहीही टाकलं की मासे येतील म्हणणाऱ्यांना फ्लोरिडाचे टायर दाखवा. १९७० च्या दशकात तिथं वीसेक लाख जुने टायर बांधून समुद्रात टाकले होते, पोवळी लागतील म्हणून. लागलं काही नाही. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, वादळात टायर गडगडत जाऊन जवळच्या जिवंत पोवळ्यांवर आदळले, आणि २००७ पासून सैन्याचे पाणबुडे ते एकेक करून बाहेर काढायला लागले. तेव्हा ट्रॅक्टरचे जुने टायर तलावात टाकायचा विचार असेल तर, दादा, नका टाकू.

यूट्यूबवर पाहिलं, गोल करून हात धरून उभी राहिलेली पोट्टे, पाण्याखाली. लिहिलं होतं की जहाजातनं फेकलेल्या गुलामांचं स्मारक आहे. खरं का?
(एक वाचक, तिरोडा)

ते कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटाचं, पहिली शिल्पं २००६ ची. सव्वीस मुलं-मुली, तिथल्याच पोरांचे साचे. आफ्रिकेतनं गुलाम भरून जहाजं तिकडंच जायची आणि आजारी माणसं समुद्रात फेकायचे हे खरं, त्यामुळे बघणाऱ्यांनी तो अर्थ लावला आणि तो जगभर पसरला. टेलरनं मात्र ते मनात धरून केलं नव्हतं, त्याला परिस्थितीप्रमाणे बदलत जाणारी मुलं दाखवायची होती. पण त्या समुद्राला ती गोष्ट आठवते त्याला तो काय करणार. मला विचाराल तर लोकांनी लावलेला अर्थ जास्त चांगला आहे.

सर, माझं गाव गोसे धरणाच्या पाण्यात गेलं. घर मी सोताच्या हातानं पाडलं, चौकटी आणि दारं बंडीत टाकून पुनर्वसनात नेली. आता माझा पोरगा मिरची तोडाले तेलंगणात जाते. तुम्ही पाण्याखालचे पुतळे दाखवून कला कला करून राहिले, खरं सांगतो मले राग आला. पाण्यातल्या खोट्या माणसासाठी पैसा आहे, काठावरच्या खऱ्यासाठी नाही?
(शेतकरी, वय ६१, पवनी तालुका)

भाऊ, तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी वाचलं आणि उत्तर सगळ्यात आधी लिहायला घेतलं, तीनदा खोडलं.

राग बरोबर आहे. ते म्युझियम पाहायला तिकीट लागते, पाणबुड्याचा पोशाख लागते, म्हणजे ज्यांची गोष्ट आहे ते कधी तिथं जाणार नाहीत, आणि जे जातात ते त्या होडीसोबत फोटो काढतात. तिथंच जवळ सेल्फी घेणाऱ्या जोडप्याचा पण पुतळा आहे, टेलरनं टोमणा म्हणून केलेला, पण टोमण्यासमोर उभं राहून लोक सेल्फी काढतातच. मला पण ते बोचते. टेलरचं म्हणणं की हे मेलेल्यांचं स्मारक नाही, जबाबदारी सगळ्यांची आहे याची आठवण आहे. म्हणणं ठीक. पण २०२४ या एका सालात त्या कॅनरी बेटांवर बोटींनी ४६ हजारांच्या वर माणसं आली, रस्त्यात किती गेली ती वेगळीच, तेव्हा तळाशी बसलेल्या सिमेंटच्या होडीनं वरची एक बोट पण थांबली नाही.

तरी तो फोटो मी छापला आणि परत छापेन. कारण सांगतो. आपल्याकडे पुतळा म्हटला की आधी चौथरा येतो. मग रेलिंग, हार घालायला लोखंडी शिडी, आणि चौथऱ्यावर चढायला माणूस मोठा असावा लागतो. मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, पोट्ट्यांना पुतळा काढा म्हटलं की आधी चौकोन काढतात आणि मग त्यावर माणूस. तुमच्यासारख्याचा, हातात दाराची चौकट धरलेल्या माणसाचा पुतळा अख्ख्या जिल्ह्यात कुठं नाही. त्या होडीला चौथरा नाही. त्यातल्या माणसांनी लढाई जिंकली नाही, भाषण दिलं नाही, ती फक्त निघालेली आहेत, आणि कोणाला तरी वाटलं की निघणं हीच पुतळा करण्यासारखी गोष्ट आहे. मला हे फार मोठं वाटते, तिकीट असलं तरी.

आणि तुम्हाला पाण्याखालचं नको असेल तर दुसरं एक काम सांगतो, ते बघायला तिकीट नाही, पोहणं नाही. इंग्लंडात लिव्हरपूलजवळ क्रॉस्बी नावाची चौपाटी आहे, तिथं अँटनी गॉर्म्ली या शिल्पकाराची शंभर लोखंडी माणसं उभी आहेत, तीन किलोमीटरच्या पट्ट्यात, काही काठाजवळ, काही पार आत. एकेकाचं वजन ६५० किलो, साचे त्याच्या स्वतःच्याच अंगाचे. आधी १९९७ मध्ये जर्मनीत होते, मग नॉर्वे, बेल्जियम, आणि २००५ पासून इथं, म्हणजे पुतळेच फिरस्ते. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. भरती आली की आतले बुडतात, आधी गुडघे, मग छाती, मग नुसतं डोकं, आणि ओहोटीला परत उघडे पडतात. गंजले आहेत, कमरेपर्यंत शिंपले चढलेत, थंडीत गावातलं कोणीतरी त्यांना मफलर घालून जाते. गॉर्म्लीच्या मनात देश सोडून जाणाऱ्यांचंच होतं, जाण्याचं दुःख आणि पलीकडं काही बरं असेल ही आशा.

पण मला त्यात लागलं ते वेगळंच. चौपाटीवर उभं राहिलं की तुम्हाला त्यांच्या फक्त पाठी दिसतात.

जानेवारीत आमच्या गावच्या फाट्यावरनं मिरचीच्या गाड्या निघतात, खम्ममकडे. पहाटे चार वाजता. जर्मनचं गंज (अॅल्युमिनियमचं पातेलं), चटई, तांदळाचं पोतं, मांडीवर झोपलेलं पोर, आणि गाडी हलली की मागं बसलेल्यांच्या पाठीच दिसतात, सगळे आत तोंड करून बसतात, थंडी असते ना. दुसऱ्या दिवशी वर्गात सात-आठ बाकं रिकामी. हजेरी घेताना नाव पुकारायचं, उत्तर नाही आलं की पुढचं नाव. मी एवढी वर्षं ते पाहिलं आणि कधी कागदावर काढलं नाही, चित्रकलेचा मास्तर असून. हे तुमच्या पत्रानं आठवलं.

तुमचा प्रश्न सुटला नाही हे मला माहीत आहे. १९८८ ला गोसेची पायाभरणी झाली तेव्हा तुम्ही पंचविशीत पण नसाल. चौकटी नेल्या म्हणता, त्या नव्या घराला बसल्या का, का मापात आल्या नाहीत? हे मला खरंच जाणून घ्यायचंय, लिहा.

थोडक्यात उत्तरं

भारतात असं कुठं आहे का, असं पाच जणांनी विचारलं. आपल्याच राज्यात सिंधुदुर्गात, निवती रॉकजवळ नौदलातनं रिटायर झालेलं 'गुलदार' जहाज पाण्याखाली ठेवून म्युझियम करायचं काम पर्यटन महामंडळानं हाती घेतलंय. पुतळे नाहीत, अख्खं जहाजच.

लोक धर्माचा आक्षेप घेत नाहीत का, एकांनी विचारलं. घेतात. मालदीवमध्ये टेलरनं भरती-ओहोटीच्या पाण्यात केलेली माणसांची शिल्पं २०१८ मध्ये कोर्टाच्या हुकमानं फोडून काढली, इस्लामला धरून नाहीत म्हणून.

एका छोट्या दोस्तानं विचारलं, आपल्या वैनगंगेत पुतळा टाकला तर समुद्रात जाईल का. पाणी जाते बेटा, वैनगंगा पुढं वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी बंगालच्या उपसागरात. पुतळा मात्र गोसेच्या भिंतीशीच अडकेल.

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला असे साचे करायचे आहेत, गावातल्या लोकांच्या हातांचे. चेहऱ्याचे पण करावे का? सामान काय लागेल?
(शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, अर्जुनी मोरगाव तालुका)

मॅडम, हात करा, चेहरा नका करू. मी एकदा केला होता सहकारी शिक्षकाचा, भुवयांना व्हॅसलीन लावायला विसरलो आणि साचा काढला तर अर्धी भुवई साच्यात. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न होतं, मला पत्रिका आली नाही.

मेडिकलमध्ये हाड मोडल्यावर लावायची प्लॅस्टरची पट्टी मिळते, ती घ्या, बोटभर लांबीचे तुकडे कापा, कोमट पाण्यात बुडवून हातावर तीन-चार थर. आधी कोपरापर्यंत व्हॅसलीन भरपूर, केसांवर तर दाबून. आणि एक ध्यानात ठेवा, प्लॅस्टर घट्ट होताना तापते, म्हणून बादलीत घट्ट कालवून त्यात कोणाचा हात बुडवून ठेवायचा नाही, लेकरांचा तर मुळीच नाही, भाजून बोटं गेल्याचे प्रकार झालेत. पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं, बोटं हळू हलवली की साचा आपोआप सुटतो. मग आतनं साबणाचं पाणी लावून सिमेंट-रेती भरा, दोन दिवस ओलं ठेवा.

संमेलन डिसेंबरात असेल तर मिरचीवाले गावातच असतील, त्यांचे हात आधी घ्या. तेलंगणातनं परत आल्यावर घेऊ नका, तेव्हा बोटांच्या पेरांना भेगा असतात, रात्रभर हात गार पाण्यात ठेवून झोपतात बिचारे, त्यावर प्लॅस्टर लावलं तर चांगलंच झोंबेल.